साक्ष झाली, बंदोबस्त उठला

घाडीगावकर, तुमच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "वहिनी, हे गेले," एवढंच ती म्हणाली. त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही, कारण मी उठून आधी दाराची कडी लावली. का लावली ते विचारू नका. भरदुपार होती, जिन्यात मुलं खेळत होती, भिण्यासारखं काही उरलेलं नाही हे मलाही माहीत होतं. पण कडी न लावता घरात बसायला मी ज्या माणसामुळे पुन्हा शिकले, तोच गेला म्हटल्यावर हात आपोआप कडीकडे गेला.

मग उघडली आणि तुमच्याकडे आले.

तुमच्या इमारतीखाली तुमच्याबरोबर पोलीस ठाण्यात असलेले जुने लोक उभे होते. कुणी म्हणालं, "घाडीगावकर म्हणजे शांत माणूस. कधी आवाज चढवला नाही." मी मान खाली घातली. माझ्यावर किती वेळा चढवला होतात ते त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! तुमच्या गावाकडून आलेल्या एका नातेवाइकाने मला विचारलं, "तुम्ही कोण त्यांच्या?" नात्याची नाही, शेजारची नाही, खात्यातली नाही. तोंडात आलं ते बोलून गेले, "साक्षीदार." तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला. तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात.

तुम्हाला मी कधी साहेब म्हटलं नाही, भाऊ म्हटलं नाही. माझी मुलगी केतकी मामा म्हणायची. मी आपलं घाडीगावकर. आपली ओळख भांडणाने झाली आणि भांडणावरच चालली, म्हणून आजही तसंच बोलते.

तुम्हाला माहीत नसलेलं आधी सांगते. तुम्ही त्या केसमध्ये शिरलात ते समन्स घेऊन, त्या दुपारी तुम्ही नव्हतात. विरारला आगाशी रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर माझा फोनचा बूथ होता. पिवळी पाटी, काचेची केबिन, काउंटरवर लाल आकड्यांचा मीटर. माझा नवरा मोहन अंधेरीला कंपनीत जायचा, मी बूथ चालवायचे, केतकी शाळेतून आली की काउंटरमागे बसून अभ्यास करायची. लोक माझ्यासमोर रडायचे, भांडायचे, लग्नं जमवायचे. काच असली तरी सगळं ऐकू यायचं.

नंदाखाल गावचे जगन्नाथकाका त्या दुपारी पालघरला मेव्हण्याशी बोलत होते. त्यांची केळीची वाडी होती आणि वाडीत न आटणारी विहीर. टँकरवाल्यांना ती हवी होती. आळीतल्या बाकीच्यांनी आपापल्या विहिरी दिल्या होत्या. "पानी देनार नाय म्हंजे नाय," काका फोनवर सांगत होते, "मंग माजी केळी काय हवा पिऊन वाढनार?" त्यावर ते स्वतःच हसले. तेवढ्यात दोघे जण आत आले. एकाला मी कधी पाहिलं नव्हतं. दुसरा दीपक होता.

दीपक माझं रोजचं गिऱ्हाईक. टँकरवर कामाला होता. दर रविवारी साताऱ्याकडच्या गावी फोन करायचा. तिथे वाण्याच्या दुकानातच काय तो फोन. वाणी त्याच्या आईला बोलवायला मुलगा धाडायचा, तोवर दीपक माझ्याशी गप्पा मारत थांबायचा. मला ताई म्हणायचा. त्या दुपारी त्याने मला हाक मारली नाही. दोघांनी काकांना केबिनमधून ओढून बाहेर नेलं आणि लोखंडी सळईने मारलं. रिसीव्हर लोंबकळत होता, त्यातून मेव्हण्याचं "हॅलो, भाऊजी, हॅलो" येत होतं आणि मीटरचे आकडे पळत होते. जाताना दीपकने वळून पाहिलं. मी त्याला पाहते आहे, हे त्याने पाहिलं.

मी मेव्हण्याची लाइन तोडून पोलिसांना फोन लावला. संध्याकाळी जबाब दिला, त्यात दीपकचं नाव सांगितलं. तेव्हा भीती वाटली नाही, कारण डोकंच चालत नव्हतं. काका इस्पितळात वारले. दीपक आणि तो दुसरा आत गेले. टँकरवाला मालक मात्र बाहेरच होता, त्याचे टँकर माझ्या बूथसमोरून तसेच पाणी सांडत जायचे. भीती नंतर आली, हळूहळू. दोन वर्षांत कुणी काही विचारलं नाही तेव्हा मी समजले, मिटलं.

आणि मग तुम्ही आलात.

पहिल्यांदा तुमची टोपी कोपऱ्यावर दिसली आणि मी मागच्या दाराने वर गेले. शेजारच्या शिंपिणीला सांगून ठेवलं, विचारलं तर गावाला गेलीय म्हण. दुसऱ्या वेळी ताप आहे म्हण. तिसऱ्या वेळी तुम्ही साध्या कपड्यात आलात. चौकड्यांचा शर्ट, हातात पिशवी. "कणकवलीचा फोन लावायचाय," म्हणालात. मी लावून दिला. तुम्ही भावाशी आंब्याच्या कलमांबद्दल बोललात, बाहेर आलात आणि पिशवीतून समन्स काढून काउंटरवर ठेवलंत.

"ही फसवणूक आहे," मी म्हटलं.

"होय," तुम्ही म्हणालात. "मागे सही करा."

"नाही केली तर?"

"घरच्या माणसाकडे देईन. कोणी नाही घेतलं तर दारावर चिकटवून जाईन. मग तुम्ही कोर्टात गेला नाहीत तर वॉरंट निघेल आणि ते घेऊन पण मलाच पाठवतील. तुम्हाला पोरीच्या समोरून घेऊन जायला मला बरं वाटेल काय?"

"आणि गेले, नि मला काही झालं तर?"

त्यावर कुणीही माणूस म्हणाला असता, घाबरू नका, आम्ही आहोत. तुम्ही नुसतं पेनाचं टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलंत. तुमची ती गप्प बसण्याची तऱ्हा मला त्या दिवसापासून आवडली नाही. मी सही केली आणि मनात म्हटलं, ह्या माणसाचं काय जातंय.

त्या आठवड्यात धमक्या सुरू झाल्या. माझा धंदाच फोनचा. फोन वाजला की उचलावाच लागायचा. एक सभ्य आवाज म्हणायचा, "ताई, मुलीची शाळा किती वाजता सुटते?" बस, एवढंच. शिवी नाही, आरडाओरडा नाही. समोरच्या पानाच्या गादीजवळ एक जण शेंगदाणे खात उभा राहायला लागला. तो काही करायचा नाही. टरफलं तेवढी आमच्या पायरीवर आणून टाकायचा. मी केतकीला शाळेत सोडायला आणि आणायला जायला लागले, जाताना बूथला कुलूप. घंटा वाजली की तळहाताला घाम यायचा, रिसीव्हर निसटायचा.

मोहन म्हणाला, "आपण सांगलीला ताईकडे जाऊ. डॉक्टरचा दाखला आणतो, तू आजारी." मी विचारलं, "किती वर्षं आजारी?" मग तो एका ओळखीच्या वकिलाला घेऊन आला. वकील भला माणूस होता, चहा पिता पिता म्हणाला, "पोलिसांसमोरच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते वहिनी. कोर्टात जा, सांगा की मी असं काही बोललेच नाही, मला चेहरे दिसले नाहीत. सरकारी वकील तुम्हाला फितूर जाहीर करतील. चार प्रश्न विचारतील. तुम्ही घरी." फितूर हा शब्द मी तोवर इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. तो इतका सोपा असतो हे माहीत नव्हतं.

खरं सांगते, मी तो सोपा रस्ता मनात पुष्कळदा चालून आले. भाजी चिरताना, वेणी घालताना. "मला दिसलं नाही." उच्चारून बघायचे. जमत होतं.

तरी मी संरक्षणासाठी अर्ज केला. वाटलं बंदूकवाला येईल. आलात तुम्ही, काठी घेऊन. मला हसू फुटलं आणि मग रडू. "एकटेच?" मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे काठी आहे, वहिनी. काठीला जेवढं जमेल तेवढं." आणि केबिनच्या शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसलात. तुमचा गुडघा दुखायचा, म्हणून एक पाय लांब करून बसायचात आणि गिऱ्हाईक त्याला अडखळायचं. पोलीस बसलाय म्हटल्यावर पोरं मुलींना फोन करायला येईनात. म्हातारे तेवढे यायचे. मी तुमच्यावर चिडायचे. शेंगदाणेवाला मात्र गेला होता, हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही.

केतकीचं तुमच्याशी लगेच जमलं. तुम्ही तरुणपणी गावच्या दशावतारात बाईचं काम करायचात हे तिनेच तुमच्याकडून काढून घेतलं. एक दिवस मी शाळेची वह्या-पुस्तकं घेऊन येते तो काय, तुम्ही युनिफॉर्मात, काठी बगलेत, काउंटरपुढच्या तेवढ्याशा जागेत राणीसारखं चालून दाखवत होता. मान किंचित कलती, निऱ्या सावरल्यासारखा हात. केतकी खाली बसून पोट धरून हसत होती. फोन करायला आलेली एक बाई दारातच थांबली होती. त्या महिन्यांत आमच्या घरात कुणी तसं हसलं नव्हतं. मी "हे काय चाललंय" म्हणून ओरडले, तुम्ही दचकून सावधान उभे राहिलात. ते ओरडणं रागाचं नव्हतं, घाडीगावकर. एवढं हसू ऐकूनही मला भीतीच वाटली होती.

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी मला सांगावं. खरं बोल म्हणावं, किंवा मुलीकडे बघ आणि गप्प बस म्हणावं. मोहन एक सांगत होता, वकील तेच गोड करून सांगत होता. उलट सांगणारं कुणीच नव्हतं, आणि तुम्ही खाकीतले, म्हणून तुमच्याकडून अपेक्षा. ठाण्याच्या कोर्टातल्या तारखेच्या आदल्या दिवशी मी तुम्हाला विचारलंच.

"मी काय करू, सांगा."

"कोर्टात वेळेवर हजर राहा."

"ते झालं. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर?"

"त्याच्यात मी बोलायचं नाही. मी तुम्हाला शिकवलं असं होईल."

"नियम नका सांगू. माणूस म्हणून सांगा. तुमची मुलगी असती माझ्या जागी, किंवा केतकीच्या जागी, तर?"

तुमचा चेहरा बदलला. "वहिनी, उगाच काय पण विचारू नका!" म्हणून तुम्ही ओरडलात, स्टूल मागे सरकवलंत आणि बाहेर उन्हात जाऊन उभे राहिलात. तो अपमान मी बरीच वर्षं मनात ठेवला. खाकीला मन नसतं, असं मी मोहनला म्हटलं.

सेशन कोर्ट तेव्हा ठाण्याला. आपण एसटीने गेलो. मोहन माझ्या शेजारी, तुम्ही मागच्या बाकावर. घोडबंदरच्या खाडीवर गाडी आली तेव्हा मला ओकारी आली आणि तुम्ही न बोलता खिडकीची काच वर सरकवून दिलीत.

कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदारांना वेगळी जागा नव्हती. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांचे लोक आणि आपण, एकाच बाकावर. समोर जगन्नाथकाकांची बायको भिंतीला टेकून उभी होती, पांढऱ्या कपाळाची. माझ्या शेजारी एक म्हातारी, नऊवारीतली, मांडीवर कापडी पिशवी. मी शिपायाला विचारलं, "आमचा नंबर कधी लागेल?" तशी ती एकदम माझ्याकडे वळली.

"तू फोनवाली बाय ना?"

मला समजेना.

"आवाजावनं वळाकलं मी. दर ऐतवारी तूच म्हनायचीस, 'धरा हं आजी, देते त्याला.' दीपकची आय मी."

मी उठून जाणार होते. मला वाटलं आता ही पाया पडेल, पदर पसरेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मी कठोर होऊ शकले असते. तिने माझा हात धरला, अगदी हलका.

"मला कोन बी खरं सांगंना. वकील म्हनतो, पोराला अडकावलंय. त्यो बी तसंच म्हनतो. तू हुतीस तितं. त्यानं मारलं व्हय, बाय?"

शपथ नव्हती, न्यायाधीश नव्हते. मोहन पाण्याची बाटली आणायला गेला होता. तुम्ही दोन हातांवर उभे होता, आणि तुमचं काम होतं तिला माझ्यापासून बाजूला करणं. तुम्ही केलं नाहीत. मी महिनोन् महिने घोकलेलं "मला दिसलं नाही" माझ्या तोंडात होतं. त्या बाईच्या तोंडाकडे बघून ते बाहेर येईना. मी मान हलवली. होय.

तिने हात सोडला. पिशवी उचलली, व्हरांड्याच्या पार टोकाला गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने शिपायाने सांगितलं, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख.

परतीच्या गाडीत तुम्ही मागून वाकलात आणि हळू म्हणालात, "साक्षीदारानं आरोपीच्या माणसांशी बोलायचं नसतं, वहिनी."

"मग थांबवलं का नाहीत?"

"मी काय बघितलंच नाही," तुम्ही म्हणालात.

तुमच्या तोंडून तेवढं एक खोटं मी ऐकलं. त्याबद्दल तुमचे उपकार मानायचे राहून गेले, ते आज मानते. त्या गाडीतच माझं ठरलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. एका आईला एक सांगितलं, आता कोर्टाला दुसरं कसं सांगू, एवढाच हिशेब. भीती कमी झाली नाही, उलट वाढली, कारण आता मी काय बोलणार हे मला माहीत होतं.

पुढच्या तारखेला सरकारी वकील आले नाहीत. त्यानंतरच्या तारखेला साक्ष झाली. "ईश्वरसाक्ष खरे सांगेन" म्हणताना आवाज इतका बारीक निघाला की न्यायाधीशांनी मोठ्याने बोला म्हणून सांगितलं. आरोपीच्या वकिलाने मला उलटंपालटं केलं. काचेवर स्टिकर होते ना? होते. तुम्हाला चष्मा आहे ना? वाचायला आहे, दूरचं दिसतं. पोलीस तुमच्या दुकानात बसून असतो, त्याने सांगितलं तेच बोलताय ना? मी म्हटलं, "त्यांना मी पुष्कळ विचारलं काय बोलू. ते सांगत नाहीत." मागे कुणीतरी हसलं. मग त्याने विचारलं, "दीपकशी तुमचं भांडण होतं?"

"नाही. तो मला ताई म्हणायचा."

तोवर दीपक माझ्याकडे रोखून बघत होता. तेव्हा त्याने खाली पाहिलं. त्याची आई त्या दिवशी आली नव्हती.

दोघांना जन्मठेप झाली. मालकाचं नाव आरोपपत्रात कधी नव्हतंच, ते शेवटपर्यंत आलं नाही. काकांच्या बायकोने पुढे ती वाडी विकली, कुणाला ते मी विचारलं नाही. न्याय झाला का, असं मला केतकीने मोठी झाल्यावर विचारलं. मी म्हटलं, अर्धा. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "अर्धा पण बायांनो थोडा नाय." ह्यावर आपण पुन्हा भांडलो. मला ते अर्धेपण आजही टोचतं, आणि तुम्ही ते इतक्या सहज कसं गिळलंत हे कळत नाही.

पण मला बोलायचं होतं ते साक्षीनंतरच्या दिवसांबद्दल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बूथ उघडला तर स्टूल रिकामं. ठाण्यात फोन केला. "साक्ष झाली ना बाई? मग बंदोबस्त उठला." जणू मी बोलून मोकळी झाल्यावर त्यांना माझ्यावर राग येणार नव्हता! बोलायच्या आधी मला मारून त्यांचा फायदा होता, बोलल्यावर फक्त सूड उरतो, हे कुणीतरी कायद्यात बसवलं असावं. दुपारपर्यंत शेंगदाणेवाला पानाच्या गादीपाशी हजर. मी केतकीला शाळेतून आणायला निघाले तर कुलपाची किल्ली भोकात जाईना.

आणि तुम्ही आलात. चौकड्यांचा शर्ट, हातात पिशवी. "कणकवलीचा फोन लावायचाय."

"आता कसलं समन्स?" मी विचारलं.

"फोनच करायचाय."

केलात. मग स्टुलावर बसलात, पाय लांब करून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ड्यूटी संपवून, कधी ड्यूटीच्या आधी. रोज कणकवली. काचेतून ऐकू यायचं, "जेवलंस काय गो? शाळेत जातंस मां?" मला वाटायचं भावाची मुलगी असेल, माणसाला पुतणीचं भारीच वेड दिसतंय. मी टोमणाही मारला, "तुमचं बरं आहे, गावाशी गप्पा मारायच्या नि इथे सावलीत बसायचं." तुम्ही दुखरा गुडघा चोळत बसलात. असे किती तरी दिवस गेले. शेंगदाणेवाला कधी यायचा बंद झाला तेही मला नक्की सांगता येत नाही. मग तुम्हीही रोजचे यायचे थांबलात, आठवड्याला यायला लागलात, मग गणपतीला. मोबाइल आले, बूथ बंद झाला, तिथे केक शॉप आलं. तुमचं येणं राहिलं.

परवा तुमच्या घरी दिवसांचे विधी झाल्यावर तुमची बायको माझ्याजवळ बसली. म्हणाली, "वहिनी, ते तुमच्या केसचं वर्ष. त्या वर्षी मी पोरीला घेऊन गावाला होते. ह्यांनीच पाठवलं."

"का?"

"क्वार्टरमध्ये फोन यायचे ना. पोरगी कुठल्या वर्गात, विचारायचे. हे म्हणाले, केस संपेपर्यंत तुम्ही इथं नको. गावच्या शाळेत घातली तिला. रोज फोन करायचे."

तिला वाटलं मला माहीत होतं.

घाडीगावकर, एक शब्द बोलायचा होतात. मी तुमच्या तोंडावर म्हणत होते की तुमचं बरं आहे, तेव्हा तरी. तुम्ही समन्स दुसऱ्या कुणाकडे देऊ शकला असतात, गुडघ्याचं कारण सांगून बंदोबस्त टाळू शकला असतात. तुम्हीही घाबरला होतात, आपण दोघं एकाच काउंटरच्या दोन बाजूंना बसून एकच भीती भीत होतो, आणि तुम्ही मला त्यात एकटं वाटू दिलंत. ह्याचा मला राग आला आहे. भरपूर आला आहे. कळलं असतं तर मला धीर आला असता, की मी सरळ सांगलीची गाडी धरली असती? दुसरंच झालं असतं बहुतेक. तुम्हीही तोच विचार केला असेल. हे भांडण आता मी एकटीने कसं पुढे नेऊ?

आता कालचं सांगते आणि थांबते.

केतकी आणि मी स्टेशन रोडला भाजी घ्यायला गेलो होतो. आमच्यासमोर एका डंपरने सायकलवाल्याला उडवलं. डंपर थांबला नाही. माणूस वाचेल म्हणतात, पाय गेला. गर्दी जमली, आणि पोलीस आल्यावर तितक्याच पटकन पांगली. तुम्ही हे आयुष्यभर बघितलंत. तो पोलीस अगदी पोरगा होता, मिसरूड फुटलेली. तो विचारत होता, "कोणी नंबर बघितला? कोणी बघितलं काय?" सगळे दुसरीकडे बघत होते. डंपर कुणाचे असतात ते विरारमध्ये कुणाला सांगावं लागत नाही.

मी केतकीचा दंड धरला. घट्ट धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. माझी बोटं एकेक करून सोडवली आणि पुढे झाली.

"मी पाहिला. लिहून घ्या," ती म्हणाली, आणि नंबर सांगितला.

पोलिसाने तिचं नाव विचारलं. तिने पूर्ण नाव सांगितलं. माझ्या तळहाताला तोच घाम. मला तिला ओढून घरी न्यायचं होतं, कडी लावायची होती, त्या पोराला सांगायचं होतं की बाबा, तू हिच्या दारात बसशील का, किती दिवस बसशील? विचारलं नाही. त्याला काय उत्तर देता आलं असतं?

"पत्ता?"

तिने इमारत सांगितली, रस्ता सांगितला, विरार पश्चिम सांगितलं. मग अडली. पिनकोड तिला कधीच पाठ नसतो.

तो मी सांगितला.